ये बरं

६ एप्रिल

न्हाई गं शिवकन्ये, माणसाचा न्हाई, कुत्र्या-मांजराचाच दवाखाना हाय. आन् भेत बी न्हाई मी. साठी गाठली, आता मला चावलं तर त्याचेच दात पडतील.

फोनवर नात हसतच राहिली. ही डायरी तिनंच दिली. म्हणली आज्जे, आपल्या हट्टा गावात तू दिवसभर बडबडती, हिंगोलीत तुझं ऐकायला कोण हाय, तवा लिहीत जा. सातवीपस्तोर शिकलेली हाय मी. लिहिते.

जागा झ्याक हाय. मोंढ्याच्या मागं, पहिले हळदीच्या आडत्याचं गोदाम व्हतं. फरशी कितीबी पुसा, भेगातून पिवळी पूड वर येतीच. पुढं काचंचं दार, मधी टेबल, भिंतीला पिंजरे, मागं माझी खोली. खोलीला मागचं दार हाय, त्याला दोन कड्या. खालची डाक्टरनं बसवली, कुत्रं ढकलून पळू न्हाई म्हून. वरची जुनी, टाचा उचलल्याबिगर माझा हात पुरत न्हाई. आमचे मालक, शिवकन्येचा आजा, ताडमाड व्हते, त्यांनी मान वाकवून काढली असती.

डाक्टर राहिल म्हंजे कोवळं पोरगं, मिसरूड बी धड न्हाई. पाटीवर लिहिलंय, प्राण्यांसाठी तातडीचे उपचार. मी म्हणले, बाबा, आमच्या गावात माणसाला तातडी न्हाई, सकाळची यष्टी बघतात. तो म्हणला, मौशी, तुमी फकस्त जनावर घट्ट धरा. मी विचारलं, चावलं तर? म्हणला, त्यालाच आधी इंजेक्शन देतो. पोरगं तयार हाय. जमंल आमचं.

९ एप्रिल

आज किराणावाले शेठ अनवाणी पळत आले. हातात पांढरं झुबकेदार कुत्रं, पिंकी नावाचं. फटफटीखाली आलेलं, मागचा एक पाय चेंदलेला. ह्या शेठची आई दोन वर्सापास्नं गुडघा धरून बसलीय, तिच्यापायी कधी चप्पल घालून बी पळाले न्हाईत. मी तोंडावर बोलले. रडता रडता हसले बिचारे.

राहिलनं लई केलं. नळी घातली, छाती दाबली. न्हाई वाचली. शेठला बघवंना. मीच तिचे डोळे झाकले आन् कानात म्हणले, ये बरं पिंके.

राहिलनं काहून म्हून विचारलं. मी म्हणले, निघणाऱ्याला जा म्हणू न्हाई, ये म्हणावं. निघणाऱ्यानं बी येतो म्हणावं, जातो म्हणू न्हाई. तो म्हणला, आमच्यात बी तसंच, अम्मी घराभाईर पडताना आतूं म्हणती.

आमचे मालक, सोनाजी, शेवटच्या दिवशी रागानं जातो म्हणले. कनेरगाव नाक्याला निघाले व्हते. नव्या गॉगलवरून मी चिडवलं, अस्वलाला चष्मा म्हणले. जातो म्हणले, आन् गेलेच. ट्रक व्हता.

तेवढंच. ह्याच्या पुढं मला लिहायचं न्हाई.

१० एप्रिल

भर बाराला लाईट गेली. राहिल जेवाया घरी गेला. मी खोलीत भाकर खाऊन राहिले व्हते, तवा खालची कडी वाजली. खुट. खुट. ढुशी मारल्यासारखी. भटकं कुत्रं म्हून मी हाड म्हणले. गप झालं.

भाकर संपवून भाईर आले तर दवाखान्याच्या फरशीवर पिवळे ठसे. मागच्या दारापास्नं टेबलापस्तोर. पुढचे दोन पाय, मागचा एक. चौथ्याच्या जागी नुसती ओढल्याची रेघ.

कडी तर आतून लावलेलीच व्हती.

पुसून घेतलं. राहिलला सांगितलं तर म्हणला, मौशी, उन्हाचं पाणी जास्त पीत जा. मी म्हणले, पाणी मी पिते, पाय कोणाचे ते तू सांग. आंगावर काटा आला, पण कटोरी भरून दूध ठेवलं. पाहुणी हाय, उपाशी काहून जाऊ द्यायची.

१४ एप्रिल

मोंढ्यातल्या धर्मसिंगनं त्याचा राघू आणला. पंख्यात सापडला व्हता. राघू लई बोलका. मान टाकता टाकता बी राम राम म्हणला. राहिलच्या हातावरच गेला.

मी म्हणले, ये बरं राघोबा. तोंडातून निघालं. सवय.

राहिलनं माझ्याकडं बघितलं. 

पिंजऱ्यात एक मांजर हाय, उंदराचं औषध खाल्लेली. आज ती उठून बसली, मासा खाल्ला. राहिल म्हणला उद्या घरी सोडू. तिला मी सुनबाई म्हणते. खाते भरपूर, काम कवडीचं न्हाई.

१५ एप्रिल

बाराला लाईट गेली.

राघूचा पिंजरा रिकामा, धुऊन उलटा ठेवलेला. त्यातून आवाज आला. ये बरं. ये बरं.

आवाज माझा. बराबर माझा. हट्ट्याची हेल सुद्धा.

मांजर पिंजऱ्यात उभी राहिली, कान टवकारून. दार तिनंच ढकललं. चालत मागच्या दाराशी गेली आन् कोणाच्या कुशीत शिरावं तशी आडवी झाली. मी उचलली तवर गार. कालच मासा खाल्लेली मांजर.

राहिलचं तोंड पांढरं पडलं. म्हणला जहर उतरलं व्हतं, रक्त साफ व्हतं, हे व्हायलाच न्हाई पाहिजे. मग त्याला ठसे दिसले. पुसायला लागला. 

म्हंजे येणारं एकटं परत जात न्हाई. सोबत घेऊन जातं.

हिच्या कानात मी काही म्हणले न्हाई. तोंडावर पदर दाबून धरला.

१७ एप्रिल

राहिल म्हणतो मौशी, हट्ट्याला जा, मी बघतो. मी म्हणले, तू काय बघणार, तुला ऐकू येत न्हाई.

आन् जाऊ कशी. यष्टी स्टँडवर सापडलेलं पिल्लू हाय, कोणाचंच न्हाई. रक्ताची हगवण. राहिल म्हणला शंभरातलं एखादं वाचतं. आल्या आल्या फरशीच्या पिवळ्या पुडीत लोळलं, म्हून हळद्या नाव ठेवलं. सलाईन लावलंय. माझ्या बोटाला चोखतं, आई समजतं मुडदं.

ह्याला मी नेऊ द्यायची न्हाई. सांगून ठेवते.

१८ एप्रिल

बारा. लाईट गेली.

तिघं आले. दिसत काही न्हाई. ठसे दिसतात, टेबलाभवती, एकामागून एक उमटत. पंखाची फडफड. मांजरीचं गुरगुरणं, लाडात आल्यावानी.

ये बरं. ये बरं.

हळद्या उठला. उभं राहायची ताकद न्हाई त्याच्यात, तरी उठला. सलाईनची सुई ओढली गेली —

मी छातीशी धरला.  आन् बोलले. म्हणले पिंके, दूध पाजलं मी तुला, ह्याची फेड व्हय? म्हणले राघोबा, बोलायचं तर सोताचं बोल, माझं काय चोरतो. सुनबाई, लाज धर जरा.

हटंनात. हळद्याचं आंग गार व्हाया लागलं.

तवा म्हणले. जिभेवर येत नव्हतं, मालक गेल्यापास्नं हा शब्द मी कोणाला म्हणलेला न्हाई. म्हणले —

जा.

पिंके, जा. राघोबा, जा. सुनबाई, तू बी जा बाई.

फडफड थांबली. पिवळी पूड नुसती उडाली, मुठीतून फेकल्यावानी. मग काही न्हाई. लाईट आली.

हळद्यानं माझा अंगठा चावला. चांगला चावला.

१९ एप्रिल

बारा वाजून गेले. कोणी आलं न्हाई.

हळद्या पाणी प्याला, भात खाल्ला. राहिल नाचायचाच बाकी व्हता. मी म्हणले ह्याला तुझ्या घरी ने, अम्मीपाशी ठेव. म्हणला काहून, आता तर सगळं ठीक हाय. मी म्हणले, ने म्हणले ना. उद्या दवाखाना बंद ठेव. तू बी येऊ नको.

दारातून म्हणला, आतूं मौशी.

मी म्हणले, उद्या न्हाई. परवा.

२० एप्रिल

बारा वाजाया आले. एकटीच हाय. शिवकन्ये, हे तुला सापडंल म्हून लिहिते. रडायचं न्हाई.

पिंकीला ये म्हणले ते सवयीनं. राघूला न्हाई. ते मुद्दाम. ठसे बघितले व्हते मी. शब्द लागू पडतो का ते मला बघायचं व्हतं. त्यापायी मांजर गेली. ते पाप माझं.

लाईट गेली.

मालक जातो म्हणून गेले. चुकीचा शब्द घेऊन गेले, म्हून परतीची वाट न्हाई सापडली त्यांना. तेवढंच व्हतं सगळं. आता मला बराबर शब्द ठाऊक हाय.

खालची कडी गप हाय.

वरची वाजून राहिली — वरची. मान वाकवून कोणीतरी —

जा म्हणले तर जातील. ठाऊक हाय मला. म्हणणार न्हाई. भेत न्हाई मी. गॉगल घातलाय का तेवढं बघते आधी —

मीच बोलावलं गं. सकाळीच, दाराला तोंड लावून. ये न्हाई म्हणले, मालकाला ये कसं म्हणावं. या म्हणले. या