बांगडीचं शेत

चुडावा, सोमवार

शंभू, माझ्या पाठच्या भावा,

उद्या दहाला गाडी पाठवतो म्हणालास. "आक्का, आप्पांच्या जमिनीच्या हक्कसोडीवर नुसती सही करायची हाय, लय वेळ लागायचा न्हाई." मी बरं म्हणाले.

आप्पा गेल्यावर त्यांच्या पेटीतला एक उर्दू कागद मी गुपचूप आणला होता. काल आमच्या शाळेतून रिटायर झालेल्या शेख मास्तरांकडून तो वाचून घेतला. निजामाच्या काळातला आहे. आजोबांच्या बहिणीला, नागुबाईला, तिच्या बापानं पोखर्णीचं शेत चोळीबांगडीसाठी दिलं होतं. तिनं ते राजीखुशीनं आजोबांना परत लिहून दिलंय. लिहिता येत नव्हतं म्हणून नावापुढं बांगडीची निशाणी, एक गोल. त्या तुकड्याला आपण बांगडीचं शेत का म्हणतो, हे आप्पांनी कधी सांगितलं नाही. नागुबाईचं नाव तर घरात कुणाच्या तोंडून ऐकलंच नाही.

तुझा राग नाही रे, भीती वाटते. सही केली नाही तर पंचमीला मला न्यायला येशील का? आणि केली तर मी शिकवते त्या वर्गातल्या पोरींपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू? नागुबाईला कागद वाचता येत नव्हता. तू पाठवलेला हक्कसोडीचा मसुदा मी तीनदा वाचलाय.

हे पत्र पाठवायचं धाडस नाही. लग्नाआधीचं पूर्ण नाव, आप्पांच्या नावासकट, लिहिता येतं का तेवढं बघतेय.

तुझी आक्का,
वैजयंती धोंडप्पा महाजन

अक्षर लागतंय.