डावा खांदा, अर्धा इंच खाली

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
११ फेब्रुवारी २०२५, दुपारी तीन

श्रीमती गोदाबाई यांस,

नमस्कार. 'सप्रेम' लिहावं की 'सादर', यात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसताच नमस्कार. मी सुधीर, कुमुदिनी गारमेंट्सचा कटिंग मास्तर. वागळे इस्टेटच्या कारखान्यात माझ्या टेबलापासून चौथं मशीन तुमचं होतं. अठरा वर्षांत ना पत्र ना फोन आणि आता एकदम हे, म्हणून दचकू नका. तब्येत बरी आहे. साखर थोडी वाढली आहे, ती आमच्या मजल्यावर सगळ्यांचीच वाढली आहे. मुलगा अद्वय बंगळूरला असतो. माझी बायको हेमा एकवीस साली गेली. तुमचे यजमान गोविंदरावही त्याच वर्षी गेल्याचं तुमच्या दिपेशकडून कळलं. वाईट वाटलं.

दिपेशला शोधायला कष्ट पडले नाहीत. माजिवड्याच्या नाक्यावर त्याच्या दुकानाची पाटी आणि पाटीहून मोठा त्याच्या वाढदिवसाचा बॅनर. कपाळ आणि भुवया सरळ तुमच्या. तो म्हणाला, आईला हल्ली बारीक अक्षर लागत नाही, माझी बायको निशाच वाचून दाखवते. म्हणून अक्षर मोठं काढतोय. फोन केला असता, पण फोनवर मी "बरंय, बरंय" म्हणून ठेवून दिला असता. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

मुद्द्याचं सांगतो. मालकांची नात कल्पिता आता कंपनी पाहते. गेल्या महिन्यात तिने गाडी पाठवून मला बोलावलं. आपला 'निवांत' गाऊन तिला परत आणायचा आहे. तोच, पुढे छातीवर चुण्यांचा योक, उजवीकडे खोल खिसा, सुती, घोट्यापर्यंत. २००९ साली बंद पडलेली वस्तू परत आणावी की आणू नये, हे मी सगळं तपासून तिला सांगायचं. एक मार्चला पहिलं कापड टेबलावर पडणार, त्याच्या आत. निवृत्त माणसाला कोणी मत विचारलं की तो लगेच चष्मा पुसायला लागतो. मीही पुसला आणि हो म्हणालो.

तिने एक फाइल दिली. गिऱ्हाइकांची जुनी पत्रं, तिच्या आजोबांनी जपलेली. चिपळूणची, साताऱ्याची, पार इंदूरपर्यंतची. कल्याणच्या एका बाईंनी लिहिलंय, हा घालून मी लग्नानंतर पहिल्यांदा दुपारची झोपले. मी एकेक वाचत बसलो आणि पुढ्यातला चहा कधी गार झाला ते समजलं नाही.

तेव्हा संध्याकाळी मी स्टेशनवरून घरी चालत यायचो, तर वाटेतल्या एकूण एक गॅलरीत 'निवांत' वाळत असायचा. निळा, मेंदी, आमसुली. खाडीवरून वारा सुटला की ते सगळे फुगायचे, आणि आत कोणी नसताना एकच बाई ठिकठिकाणी उभी असल्यासारखे दिसायचे, डावा खांदा जरासा खाली टाकून. मी मान वर करून चालायचो. दोनदा रिक्षाखाली येता येता वाचलो. फाइल वाचल्यापासून ते परत दिसायला लागलेत. दुपारी गॅलरीत डुलकी लागते आणि समोरच्या टॉवरच्या वीसच्या वीस मजल्यांवर दोऱ्या दिसतात, आमसुली रंग हलताना दिसतो. त्या टॉवरला बाहेर कपडे वाळत घालायची परवानगी नाही. जाग आली की तेवढ्यावरूनच कळतं, झोप होती.

तो खांदा तुमचा, गोदाबाई. कल्पिताला हे माहीत नाही, फाइलीत कुठे नोंद नाही. आपल्याकडे मीडियमचं माप पुस्तकातून काढत नसत, लाइनवरच्या एका बाईच्या अंगावरून काढत. चौऱ्याण्णव साली मालकांनी तुम्हाला उभं केलं. मी पडलो पुरुष, म्हणून टेप सुपरवायझर रमाबाईंच्या हाती. त्या तुमच्याभोवती फिरत आकडे पुकारायच्या आणि मी चार हातांवर, अर्धी पाठ वळवून, लिहून घ्यायचो. दर सहा महिन्यांनी, बारा वर्षं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, सरळ धरू का? तुम्ही हसून सांगितलंत की आईबाप मिठागरावर जायचे आणि मागची चार भावंडं तुमच्या डाव्या कडेवर वाढली. मी म्हणालो, आहे तसं लिहा.

तेव्हा वाटलं, जरा गंमत म्हणून. गाऊन बाजारात गेल्यावर उमगलं. कडेवर मूल, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, अर्ध्याअधिक बायकांचा एक खांदा उतरलेलाच असतो. दुकानातला बाकी प्रत्येक कपडा तो सरळ आहे असं धरून चालायचा. हेमाचे खांदे मात्र सरळ होते. ती पिन लावून घालायची आणि म्हणायची, "तुमचा हा गाऊन अख्ख्या डोंबिवलीला बसतो, मला सोडून." एकदा तिने विचारलं, ही डाव्या खांद्याची बाई आहे तरी कोण. मी सांगितलं, कोणी नाही, मीडियम आहे. त्यावर ती हसली. तिच्या मापाचा गाऊन मी एकदाही कापला नाही, हे तिला दिसत असणार.

मग सहा साल. तुमच्या जमिनीचा बिल्डरशी करार झाला, आणि बिल्डरकडून फ्लॅट येणार त्या घरची बाई मशीनवर बसते हे गोविंदरावांना बरं दिसेना. शेवटच्या दिवशी तुम्ही सगळ्या लाइनला पेढे वाटलेत. माझ्या टेबलाशी येऊन विचारलंत, "मास्तर, आता मीडियम कोणाचं करणार?" मी म्हणालो, बघू.

बारा वर्षांनंतर माझ्या तोंडून एवढंच निघालं. बघू.

निशाबाई, तुम्ही वाचत असाल तर कृपा करून इथे थांबा आणि कागद सासूबाईंच्या हातात द्या. पुढचं त्यांनी हळूहळू वाचलं तरी चालेल.

कल्पिताने विक्रीचा आलेख काढलाय. चौऱ्याण्णवपासून सहापर्यंत चढ, सातपासून घसरण. सातच्या पत्रांत एकच रड आहे, गळा मागे ओढला जातो. ती मला विचारते, सात साली नेमकं काय झालं? कापड बदललं, की बायकांच्या आवडी बदलल्या? मी म्हणालो, बघून सांगतो.

मला बघायची गरज नाही. तुम्ही गेल्यावर नवी बाई उभी केली. चांगली होती बिचारी. रमाबाईंनी टेप लावला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तो अर्धा इंच ठेवायचा ना? तुमच्या खांद्यात दुसरी बाई उभी राहणार, हे मला सोसेना. मी म्हणालो, ती चूक होती, इतकी वर्षं चालून गेली. आणि पुस्तकातले दोन सरळ खांदे कापून दिले. तुमच्या मापाचा खाकी कागदाचा फर्मा गुंडाळून घरी आणला. तो आजही कपाटावर आहे.

माल परत यायला लागला. मालक विचारायचे, मी कापडावर ढकलायचो. दोन वर्षांत लाइन बंद झाली. बत्तीस बायका घरी बसल्या. रमाबाई कल्याणला एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला लागल्या. मला युनिफॉर्मच्या खात्यात घेतलं आणि पुढे शाल-श्रीफळ देऊन निवृत्त केलं. सत्काराला रमाबाई आल्या होत्या. "मास्तर, तुमच्यासारखा हात नाही," असं म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं, मी आभार मानले.

कंपनीच्या कॉम्प्युटरवर फक्त तो सरळ खांद्यांचा फर्मा आहे. मी गप्प राहिलो तर कल्पिता त्यावरच गाऊन काढेल आणि तो पुन्हा पडेल. घरचा फर्मा 'सापडला' म्हणून दिला तर गाऊन चालेल, कोणी काही विचारणार नाही, आणि मी आणखी एकदा सुटेन. पण ते अंग तुमचं आहे. बारा वर्षं तुम्हाला कोणी विचारलं नाही, मालकांनी नाही आणि मीही नाही. आता विचारतो. देऊ का?

आणि एक. हे मी कधीच बोललो नाही, हेमा असताना बोलणं बरं नव्हतं आणि गोविंदराव असताना तर नव्हतंच. मला तुम्ही फार आवडायचात. त्या आकड्यांपलीकडे माझ्या वाट्याला काही आलं नाही आणि मी ते मागितलंही नाही. अडुसष्टाव्या वर्षी लाज कमी होते, एवढा एकच फायदा. तुम्हाला यात काही करायचं नाही. फक्त बत्तीस जणींचं काम कशापायी गेलं, हे कोणाला तरी माहीत असावं.

नाही म्हणालात तर मी कल्पिताला 'आणू नको' असं लेखी देईन.

तुमच्या शब्दावर थांबलेला,
सुधीर


माजिवडा गाव, ठाणे
१७ फेब्रुवारी

मास्तर, नमस्कार.

मी निशा, दिपेशची बायको. आई सांगतात तसं लिहितेय. तुम्ही सांगितलेलं तिथे मी थांबलेले, कागद त्यांच्या हातात दिलेला. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, तूच वाच, या वयात कोणापासून लपवायचं. वाचून झाल्यावर पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. मला वाटलं रागावल्या. मग चहा मागितला. त्यांची बोली मला नीट लिहिता येत नाही, जमेल तशी लिहिते. आता इथून पुढे त्या.

मास्तर, पत्र पोचलं. तुम्ही शेवटाला जे लिहिलं ते ऐकलं, ठेवलं.

सात सालच्या दिवाळीला मी खोपटच्या डेपोसमोरच्या दुकानातून 'निवांत' आणलेला. घरात कपडे ढीग होते, पण तो माझा ना. आरशापुढे घातला तर गळा मागे. काढला, परत घातला. परत तेच. तवा माना (म्हणजे मला) वाटला, मास्तरांनी माना पुसून टाकला. बारा वर्षं उभी राहिले आणि वर्षाच्या आत पुसली. कोणाला सांगणार? ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, गाऊनसाठी कोण रडतं. तो फाडून मी त्याची फडकी केली. आता तुमचं वाचलं, तर ते तसं नव्हतं. उलटंच होतं. पण तेवढी वर्षं मी तसंच धरून बसले, ती वर्षं काय तुम्ही परत देणार नाय.

माझ्या वाटणीची माफी मी देते. बाकीच्या बायकांची माझ्याकडे नाय, ती माझ्याकडे मागू नका.

तो जुना फर्मा त्या मुलीला देऊ नका. ती गोदा आता कुठे आहे? गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठीने उजवा खांदा वर चढवलाय, डावा अर्धा नाय, पुरता इंचभर खाली असेल. ज्या बायका तो गाऊन घालायच्या त्या पण माझ्यासारख्याच झाल्यात. त्यांना नव्या मापाचा द्या. मी उभी राहीन.

पण आधी त्या कल्पिताला खरं सांगा, सगळं, तोंडाने. आणि टेप रमाबाईच धरतील. त्यांना तुम्ही आणायचं. दिपेशची गाडी पाठवणार नाय, कंपनीची पण नको. तुम्ही त्यांच्या दारात जायचं, मला लिहिलंत ते त्यांना सांगायचं, आणि त्या तयार झाल्या तर दोघांनी इकडे यायचं. त्यांचा कल्याणचा पत्ता निशाने मागे लिहिलाय. त्या नाय आल्या, तर तुम्ही पण येऊ नका.

जेवायला दोघांचं करून ठेवते.

गोदा गोविंदा भोईर

(सही आईंनी स्वतः केलीय. – निशा)