तिसऱ्या नंबरची घंटा

मुओताटाल,
६ फेब्रुवारी १९८४

चि. माइनराड यास अगाथाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

काल संत अगाथेचा दिवस, म्हणजे माझा नामदिवस. तुझं कार्ड शनिवारीच पोचलं. गावाकडून मिळालेली भेट अशी की, भरल्या सभागृहात अलोइस इम्होफने मला चोर म्हटलं. रागाने पेन कागदात रुततंय. अक्षर लागलं तर वाच, नाहीतर सोडून दे.

सगळं मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर गेलं तर तिखटमीठ लावूनच जाईल. काल खानावळीत दरवर्षीची पत्त्यांची स्पर्धा होती. आपली नेहमीचीच रीत, चार फेऱ्या, दर फेरीला चिठ्ठी टाकून नवा जोडीदार, आणि जोडीने मिळवलेले गुण दोघांच्याही नावावर चढतात. शेवटी ज्याचा नंबर पहिला तो बक्षिसांच्या टेबलावरून पहिली वस्तू उचलणार, मग दुसरा, मग तिसरा. यंदा त्या टेबलावर चीजचं अख्खं चाक होतं, धुरी दिलेली डुकराची मांडी होती, कॉफीचे पुडे होते, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये फ्रान्झ बेट्शार्टची घंटा होती.

हो, तीच. उन्हाळ्यात गुरं डोंगरावर निघाली की सगळ्यांत पुढच्या गायीच्या गळ्यात असायची ती. फ्रान्झला जाऊन वर्ष झालं नाही तोच त्याच्या मुलाने सगळी गुरं विकून टाकली, आणि घंटाही त्यांच्याबरोबर गेली. गुरांच्या व्यापाऱ्याने ती बक्षीस म्हणून दिली आणि दानशूर म्हणून फळ्यावर आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. मेल्याला लाज नाही.

नवरा गेल्यापासून क्रेसेन्सवहिनीने पत्त्यांना हात लावला नव्हता. काल ती काळी शाल गुंडाळून आली, नाव नोंदवलं आणि जागेवर जाऊन बसली. का आलीस म्हणून कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी एकदा घंटेकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि आपापल्या कॉफीत श्नॅप्सची दारू ओतून घेतली.

तीन फेऱ्यांनंतर मी इतकी पुढे होते की चौथी डोळे मिटून खेळले असते तरी पहिला नंबर माझाच. आणि चौथ्या फेरीला समोर आली कोण, तर क्रेसेन्सवहिनी, जोडीला बेकरीवाली हेडविग. माझा जोडीदार अलोइस. उन्हाळाभर दुसऱ्यांची गुरं राखतो आणि हिवाळाभर लाकडं फोडतो तोच. पहिले दोघे चीज आणि मांडीच उचलणार, म्हणजे घंटा तिसऱ्याची, आणि वहिनीला तिसऱ्या नंबरला पोचायला थोडे गुण कमी पडत होते. ते मी दिले. मारता येणारे हात मारले नाहीत, जड पानं तिच्या हातांवर सोडली. गुण माझे होते, मला नको होते, मी दिले. यात कुणाच्या बापाचं काय गेलं, सांग बघू.

मी चीज उचललं. दुसरा आला तो करवतीच्या गिरणीवाला, त्याने मांडी उचलली. वहिनीने घंटा घेतली आणि घरी गेली. दार बंद झालं मात्र, अलोइस उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की ही बाई चोर आहे, हिने माझे गुण उचलून दुसऱ्याला वाटले. आजवर ज्याला कॉफीच्या पुड्यापलीकडे काही मिळालं नाही, तो मला चोर म्हणतो.

तू विचारशील की मीच घंटा उचलून तिला का दिली नाही. अरे, ती घेईल का? फ्रान्झ गेला तेव्हा मी भांडंभर रस्सा नेऊन दिला होता. दुसऱ्याच दिवशी भांडं परत आलं, काठोकाठ लोणी भरून. त्यानंतर जे जे दिलं, त्याचं असंच. ती कुणाचं काही ठेवून घेत नाही, म्हणून तर हा उद्योग केला.

समितीतला बाल्झ शेल्बर्ट म्हणतो की नियमांत याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. नियम तू लिहून दिलेस, तेव्हा समितीने निवाडाही तुझ्यावरच सोपवलाय. योग्य तेच लिही. माझं बोट धरून शाळेत जायचास, ते विसरू नकोस.

कळावे. लोभ आहेच, निवाड्यातही दिसू दे.

तुझी,
अगाथाताई


लुत्सर्न,
१० फेब्रुवारी १९८४

ती. अगाथाताईस माइनराडचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पेन इतकं दाबून लिहिलंयस की कागद दोन ठिकाणी फाटलाय. अलोइसचं नाव नेमकं त्यातल्या एका भोकात गेलंय, ते मी अंदाजाने वाचलं. इकडे सगळं ठीक. सरोवरावरच्या बोटी थंडीत रिकाम्याच फिरतात, मी तिकिटाच्या खिडकीत बसून पाय शेकतो. तुझे लोकरी मोजे कामाला आले.

आता निवाडा. बोट धरून शाळेत नेलंस ते विसरलो नाही. वाटेत पत्त्यांत मला हरवून माझी पाव-चीजची शिदोरी खायचीस, तेही विसरलो नाही. एक दिवस तरी जिंकू द्यायचंस, पण नाही.

ताई, तू म्हणतेस गुण तुझे होते. तिथेच तुझी चूक झाली. तू आपल्या ताटातलं वाढलंस असं तुला वाटतं, पण ताट दोघांचं होतं. तुझं पोट भरलं होतं, अलोइसचं नव्हतं. बाल्झने फोनवर हिशेब सांगितला. त्या फेरीत तू नेहमीसारखी खेळली असतीस तर अलोइस तिसरा आला असता. तो माणूस इतकी वर्षं येतो, मागच्या बाकावर बसतो आणि कॉफीचा पुडा घेऊन जातो. एकदा त्याला पानं लागली, एकदा गावातली सगळ्यांत तरबेज बाई जोडीदार मिळाली, आणि तिने त्याच्या डोळ्यांदेखत ते उधळून लावलं. मी त्याच्या जागी असतो तर चोर म्हणून थांबलो नसतो.

एकेकट्याचा खेळ असता तरी मी हेच म्हटलं असतं. खेळायला बसल्यावर आपण पुढे असलो म्हणून हात आखडता घ्यायचा आणि समोरच्याला कळू द्यायचं नाही, याला मी दया म्हणत नाही. समितीला आजच कळवतोय. तुमच्या टेबलाची चौथी फेरी रद्द. तुझं चीज परत, घंटा परत. नियमांत एक ओळ मी वाढवून दिली आहे, मारता येणारा हात मुद्दाम सोडायचा नाही.

एक विचारतो, रागावू नकोस. तिसरा आला असता तर त्याने काय उचललं असतं, हे अलोइसला कुणी विचारलं का?

कळावे. रागाला जेवढी जागा लागेल तेवढी दे, उरलेल्या जागेत लोभ ठेव.

तुझा,
माइनराड


मुओताटाल,
१३ फेब्रुवारी १९८४

श्रीयुत माइनराड यांस,

आशीर्वाद लिहीत नाही. ते पुढच्या पत्रात मिळतील, मिळाले तर.

तुझा निवाडा बाल्झने खानावळीच्या दारावर लावला. रविवारी प्रार्थनेहून परतताना सगळं गाव तिथे थबकलं. माझ्या सख्ख्या भावाच्या सहीखाली मी लबाड ठरले. चीज परत नेऊन दिलं. त्यातले दोन काप मी खाल्ले होते, ते हवे असतील तर पोटातून काढून घ्या, असं बाल्झला सांगून आले.

माझं सोड. त्या विधवेच्या घरातून घंटा कोण काढून आणणार? समितीतले सगळे पुरुष बुटांकडे बघत उभे राहिले. मी जावं म्हणे, कारण केलं मीच. मी मेले तरी जाणार नाही. तिकडे तिकिटाच्या खिडकीत बसून पाय शेकत तू एका ओळीत लिहून मोकळा झालास, घंटा परत. नवऱ्याची एवढी एकच खूण त्या बाईकडे उरली होती. तुझ्या नियमाला हात आहेत का, ते वर करून तिच्या खिळ्यावरून घंटा काढायला?

अलोइस वाटेत भेटला. टोपीला हातसुद्धा लावला नाही, पलीकडे तोंड करून गेला. त्याला काय विचारायचं? कॉफी, नाहीतर सॉसेज.

फार चिडले आहे. आई असती तर तुझा कान धरला असता. माझाही धरला असता म्हणशील, पण तुझा आधी.

लोभ सध्या नाही. कार्डात लिहिलेला तुझा खोकला कमी झाला का, तेवढं कळव.

अगाथा


मुओताटाल,
१५ फेब्रुवारी १९८४

रा. रा. माइनराड भावजी यांस क्रेसेन्स बेट्शार्टचा नमस्कार वि. वि.

मला लिहायची सवय नाही. फ्रान्झ असता तर त्याने लिहिलं असतं.

तुमचा निवाडा वाचला आणि बरं वाटलं. गावात सगळे मला पाहिलं की आवाज खाली करतात आणि दार उघडून धरतात. तुम्ही मला पत्ते खेळणारी बाई समजून लिहिलंत. घंटेची चिंता नको. निवाडा येण्याआधीच मी ती पाठीवर घेऊन खानावळीत परत ठेवून आले. मी सांगेपर्यंत कुणाला बोलू नका, असं बाल्झला मीच सांगितलं होतं.

अगाथाचा डाव मला लवकरच कळला होता. ढालींच्या रंगाचं पान तिच्याकडे नव्हतं, हुकूम होता, तरी तिने हात मारला नाही. उलट गुलाबांच्या रंगाचं दहा गुणांचं पान माझ्या हातावर टाकलं. आधी वाटलं, हिची नजर कमी झाली. मग तिने पुन्हा तसंच केलं आणि माझ्याकडे बघून हसली, आजाऱ्याकडे बघून हसतात तसं. तेव्हाच पानं टाकून उठायला हवं होतं. उठले नाही, कारण घंटा हवी होती. याची मला लाज वाटते, आणि तिचा संताप येतो. फ्रान्झने उभ्या जन्मात मला एक हात फुकट दिला नाही. हरले की चिडायचे, जिंकले की आठवडाभर त्याला चिडवायचे. आमचा संसार तसाच गोड झाला. आणि ही मला भीक घालते.

दुसरं असं की, पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी मी अलोइसला बक्षिसांच्या टेबलापाशी पाहिलं. घंटेच्या पट्ट्यावरच्या शिवणीवरून तो अंगठा फिरवत होता. ती शिवण त्याचीच आहे. कितीतरी उन्हाळे आमची गुरं त्याने राखली. घंटा गायीच्या गळ्यात तोच बांधायचा, फ्रान्झ नुसता पुढे चालायचा. त्यालाही ती हवी होती. अगाथाला ते दिसलं नाही, कारण तिला एका वेळी एकच दुःखी माणूस पुरतो. मला दिसलं होतं, तरी मी घंटा घेतली.

तेव्हा माझं मागणं एवढंच. फेरी नुसती रद्द करू नका, पुन्हा खेळवा. तेच चौघे, तेच टेबल. अगाथाला ताकीद द्या की या खेपेला एक पान जरी सोडलं तर तिच्या घरी मी पुन्हा पाऊल टाकणार नाही.

थंडीत जपा. या म्हातारीवर लोभ ठेवा, पण पत्त्यांच्या टेबलाबाहेर.

क्रेसेन्स बेट्शार्ट


मुओताटाल,
२७ फेब्रुवारी १९८४

चि. माइनराड यास अनेक आशीर्वाद वि. वि. (मागचे राहिलेलेही यातच धर.)

बर्फ घसरून खालचा रस्ता बंद झाला आणि फेरी बघायला तू येऊ शकला नाहीस, ते एका परीने बरंच झालं. माझ्या मागे बसून उसासे टाकले असतेस.

वहिनीचं पत्र तू मला पाठवलंस ते मी दोनदा वाचलं. एका वेळी एकच दुःखी माणूस, असं लिहिलंय तिने. खोटं असतं तर राग आला असता. तरी आलाच.

तू समितीला कळवलंस त्याप्रमाणे काल फेरी पुन्हा झाली. प्रार्थनेला नसतील इतकी माणसं खानावळीत होती. सुरू होण्याआधी मी अलोइसची माफी मागितली. तो म्हणाला ठीक आहे, पण पुन्हा कधी दानधर्म करायचा झाला तर आधी सांग, म्हणजे मी घरी लाकडं तरी फोडीन. मग मी खेळले. खरंच खेळले. वहिनीही अशी खेळली की मला घाम फुटला. फेरी शेवटच्या डावाला आली तेव्हा तिसरा नंबर तिचा की अलोइसचा, हे एका हातावर अडलं होतं. तिने राजा टाकला. माझ्याकडे हुकमाची नव्वी होती. वहिनी माझ्याकडे बघत होती, सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. या हातांनी कोंबड्या कापल्यात, वासरं ओढून काढलीत, पण ते पान टाकताना जड गेलं. मी तो हात मारला.

अलोइसला तिसरा नंबर मिळाला. त्याने घंटा उचलली आणि ती कुठे धरावी हे न कळून छातीशी धरून उभा राहिला. वहिनी खाली गेली, तिच्या वाट्याला कॉफीचा पुडा आला. ती अलोइसकडे गेली आणि म्हणाली की पट्ट्याला चरबी लाव, कोरडा पडलाय, आणि पोचा पाडू नकोस, पुढच्या वर्षी ही टेबलावर ठेवशील तेव्हा मी जिंकून नेणार आहे. अलोइस म्हणाला, बघू. गुरं ज्याने घेतली त्यानेच त्याला उन्हाळ्यासाठी ठेवलंय, म्हणजे त्याच गायी, तोच डोंगर, आणि वाट वहिनीच्या दारावरूनच जाते.

माझं चीज मला परत मिळालं, दोन काप कमी असलेलं. त्यातला मोठा तुकडा कापून रात्रीच भांड्यात घालून वहिनीकडे पाठवला. पाठवताना मनात म्हटलं, आता येईल भांडं लोण्याने भरून, आणि मी ते तिच्या दारात नेऊन आपटीन.

आज सकाळी भांडं परत आलं. घासून पुसून स्वच्छ, आणि रिकामं.

ते मी अजून फळीवर ठेवलेलं नाही, समोरच घेऊन बसले आहे. तुझ्या नियमाबद्दलचा माझा राग मात्र कायम आहे, ईस्टरला आलास की तोंडावर सांगेन. मोजे आणखी विणलेत. ये, पण पत्ते घेऊन ये, आणि जिंकू देईन या भ्रमात राहू नकोस.

कळावे. लोभ पूर्वीसारखा, घरच्याच ताटातला.

तुझी,
अगाथाताई