दादांची गाठ

दादा, मागच्या महिन्यात आम्ही दोघं कळसूबाई चढून आलो. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "वर काय ठिवलंय रं?" काही ठेवलेलं नाही. देवीचं एवढंसं देऊळ आहे आणि वारा आहे. पण तुमची सून मागं लागली. बजाजनगरच्या बागेत ती रोज सकाळी चार बायकांबरोबर चालते. त्यातली एक लेकाबरोबर तिथं जाऊन आली आणि आठवडाभर फोटो दाखवत सुटली. एक दिवस ही घरी येऊन म्हणाली, "जन्मभर तुमच्या कंपनीच्या पाळ्या सांभाळल्या, आता एक डोंगर तरी दाखवा." पोरांना बरोबर घ्यायचं नाही, हेही तिनंच ठरवलं. "ते आपल्याला सामानावाणी नेतेत," म्हणाली. मग काय, माझे एकोणसत्तर वर्षांचे गुडघे, तिचे त्रेसष्टचे, आणि दोघांत मिळून एक काठी. आजवर लग्नकार्याला, दवाखान्याला, देवाला सगळीकडं बरोबर गेलो, पण डोंगर दोघांनाही पहिलाच.

पायथ्याच्या बारी गावात एका घरी मुक्काम केला आणि उजाडताना निघालो. सुरुवातीची वाट शेतांच्या बांधावरून जाते. थोडा वेळ मी पुढं, थोडा वेळ ती पुढं, बोलणं कमी आणि दम जास्त, असं चाललं होतं. अर्ध्या तासानं तिच्या बुटाची नाडी सुटली. बूट नवे, लेकीनं आणून दिलेले. आयुष्यभर चपला घातलेल्या बाईला नाडीची सवय कुठली? तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, "घ्या, दादाची गाठ!" मी वाकलो आणि दोन वेढे घेऊन नाडी बांधून दिली.

तुम्हाला हे माहीत नाही, म्हणून सांगतो. आपल्या घरात सैल गाठीला दादाची गाठ म्हणतात. पोराच्या शाळेच्या बुटाची नाडी सुटली, पिठाच्या पिशवीचं तोंड उघडलं, कपडे वाळत घालायची दोरी खाली आली, की कुणीतरी म्हणतंच. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली. ज्या नातवंडांनी तुम्हाला बघितलंही नाही, तीसुद्धा म्हणतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. वापरून वापरून नाण्यावरचं चित्र पुसतं, तसं त्या बोलण्यातून तुम्ही पुसून गेलात. दादा, ती म्हण घरात मी आणली.

देवगावच्या शिवारातली ती जुनी विहीर तुम्ही विसरला नसाल. मी एकोणीस वर्षांचा, तुम्ही पन्नाशी ओलांडलेली. विहिरींतला गाळ काढायचा हे आपलं काम, आणि त्या कामातला तुमचा रिवाज आसपासच्या गावांना ठाऊक होता. वरच्यानं गाठ मारायची आणि त्यानंच दोर धरायचा. उतरणाऱ्यानं गाठ चाचपून बघायची नाही. "गाठ चाचपली म्हंजी धरणाऱ्याचा हात चाचपला," असं तुम्ही म्हणायचात. तर उन्हाळ्याचे दिवस आहेत. तुम्ही माझ्या कमरेला दोन वेढे देता, गाठ मारता, अंगठ्यानं दाबता. मी काठावर पाय सोडून बसतो. माझ्या टाचेनं एक खडा खाली जातो आणि त्याचा आवाज उशिरा येतो. इतका उशिरा, की तेवढ्यात माझ्या पोटातलं सगळं धाडस पाझरून जातं. शेताचा मालक उभा आहे, त्याचे चार गडी उभे आहेत. माझा हात गाठीवर जातो.

"का रं?" तुम्ही विचारलंत.

"सैल हाय, दादा."

सैल नव्हती. दगडासारखी होती. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला प्रकार. एक गडी लगेच म्हणाला, "म्हाताऱ्याचे हात गेले वाटतं!" आणि बाकीचे हसले. तुम्ही माझा दोर सोडलात, स्वतःच्या कमरेला बांधलात, दुसरं टोक माझ्या हातात दिलंत आणि उतरलात. दिवसभर तुम्ही खाली, मी वर. घरी जाताना एवढंच म्हणालात, "सैल व्हती तर कानात सांगायचं व्हतं. चारचौघांत नाय."

मी थापडेची तयारी करून चाललो होतो. तुम्ही मला खोटा म्हणाला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही माझं खरं मानलंत. त्यानंतर बैलाचं दावं बांधलं की दोनदा ओढून बघायचात. बादलीची दोरी, कडब्याची पेंढी, काहीही बांधलं तरी एकदा हिसका देऊन बघणारच. पुढच्या उन्हाळ्यात विहिरींची कामं सोडलीत. मी वाळूजला कंपनीत लागलो, लग्न झालं, आणि नव्या नवरीनं विचारलं, "दादांनी काम का सोडलं हो?" तेव्हा मी तिला त्या गाठीची गोष्ट सांगितली. हसवून सांगितली. खोटं एकदा दारात आलं की त्याला तुकडा घालावाच लागतो.

तर डोंगराकडं येतो. वाटेत कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत. पहिली कशीबशी झाली. दुसरीपाशी ही थांबली. वर बघितलं, खाली बघितलं, कठड्यावरचा हात काढला आणि मोठ्यानं म्हणाली, "मला भ्या वाटायलंय. मी नाय चढत."

मागं कॉलेजची पाच-सहा पोरंपोरी खोळंबलेली. मलाच ओशाळं झालं. "हळू बोल की," मी म्हणालो.

"का हळू? भ्या मला वाटायलंय, त्यान्ला थोडंच?"

मागची एक पोरगी म्हणाली, "आजी, बसा निवांत. मला पण वाटतेय. मी फक्त बोलले नव्हते."

ही कडेच्या दगडावर बसली. पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढले, त्या पोरीला दिले, स्वतः खाल्ले. बाकीची पोरं हसत-खिदळत बाजूनं चढून गेली, पण हिला कुणी हसलं नाही. डोंगर जागचा हलला नाही. मी काठीवर भार देऊन उभा होतो आणि त्या विहिरीच्या काठावर हेच मी म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत, याचा हिशोब लावत होतो. फार काही केलं नसतंत. "बस मंग जरा," म्हणाला असतात आणि तंबाखूची डबी काढली असतीत.

"गेलं का भ्या?" थोड्या वेळानं मी तिला विचारलं.

"नाय गेलं. पर बसून कट्टाळा आला. चला. माझ्या मागं ऱ्हावा."

ती चढली. मी मागं आहे का, हे तिनं एकदाही वळून बघितलं नाही. तुमचा रिवाज तिला कुणी शिकवला नव्हता. तिच्या टाचेखालच्या पायरीवर हात ठेवत मी चढत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर तिची नाडी होती, दोन वेढ्यांची, अंगठ्यानं दाबलेली. माझ्या हाताला दुसरी गाठ येतच नाही. वर पोचलो, देवीपुढं नारळ फोडला, खाली लांबवर धरणाचं पाणी चकाकत होतं ते बघितलं. आता हिला खरं सांगावं, असं तिथं दोनदा वाटलं. वारा फार होता.

बारीत परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. ओट्यावर बसून ती नाडी सोडायला लागली. नखानं बघितलं, मग केसातल्या आकड्यानं. "कसली गाठ मारली हो ही? सुटंना की!"

"दादाची," मी म्हणालो.

ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला वाटलं, नेहमीची थट्टा. ती थट्टा नव्हती, हे सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. दादा, मीही हसलो.

शेवटी तिनं बूट तसाच ओढून काढला. तो आता आमच्या दाराशी असतो. रोज सकाळी ती गाठ न सोडता त्यात पाय सारते आणि बागेत जाते. हे कागद तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीत, ते मला कळतं. ते तिच्या हातात द्यायचे आहेत. दुपारपासून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहेत आणि ती चार पावलांवर, आत, भाकरी थापते आहे. तव्याचा वास येतोय. मी उठलेलो नाही. मला भ्या वाटायलंय, दादा.