खुंटीवरचा सदरा

ताम्पेरे,
मे महिना, १९९२

प्रिय कालेर्वो,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू ते आधी टेबलावर ठेवशील, कॉफी करशील, खिडकीबाहेर बघत ती संपवशील आणि मगच उघडशील. लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं की बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा पुन्हा बांधत बसायचास, तसाच अजून असशील. म्हणून पहिल्यांदा सांगून टाकते, कुणी गेलेलं नाही. आई आहे. फार दिवस असेल असं मात्र नाही. डॉक्टरनं तिला समजावून सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “युहान्नुसपर्यंत निभेल ना?” तो तरुण पोरगा. त्याला वाटलं, म्हातारीला उन्हाळ्याचा सण साजरा करायची हौस आहे. तो हसून हो म्हणाला. त्या एका होकारावर आई घरी आली आणि शिवणाचं मशीन उघडून बसली. यंदाही तिला तळ्याकाठी जायचंय. तिथं तिचं काय अडलंय ते मला आत्ता कुठे कळलं.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं होतं. ‘शुभेच्छा. के.’ तिकडे परदेशात, वेस्तेरोसमध्ये, शाईची टंचाई आहे का रे? तुझी सगळी कार्डं आई घड्याळामागे उभी करून ठेवते, आणि धूळ पुसताना एकेक उचलून त्याच क्रमानं परत लावते. मीही तुला उत्तरात हवापाणीच कळवत आले. बर्फ पडला, बर्फ वितळला, माझ्या नवऱ्याची, आर्वोची, पाठ धरली. बाबा गेले तेव्हा तू पोस्टानं फुलांचं चक्र पाठवलंस. ते मिळाल्याचंसुद्धा मी कळवलं नाही, इतका मला राग आला होता. पण आज हवापाणी नाही. आज मला त्या सुट्टीबद्दल लिहायचंय, जिच्याबद्दल आपल्या घरात कुणी अवाक्षर काढत नाही.

किती मजेत सगळं बिघडत होतं, आठवतं? बाबांना कारखान्यातून पहिल्यांदाच सलग मोठी सुट्टी मिळाली होती. पलीकडच्या काठावरच्या लोविसा म्हातारीकडून त्यांनी तळ्याकाठचा तो तुकडा घेतला होता. सगळे करतात तसं आपण आधी वाफेच्या अंघोळीसाठी सौना बांधला, घर मागाहून. घराचे म्हणून चार कोपऱ्यांना चार दगड तेवढे मांडले होते. सौनाच्या बाहेरच्या खोलीत आपण पाच जणं एका ओळीत झोपायचो, धाकट्या ओन्नीचे पाय तुझ्या तोंडावर. पाऊस थांबायचं नाव घेईना. पावाला बुरशी आली, धुराडं उलटं धूर ओकायला लागलं, डासांनी माझा एक डोळा बंद केला, बाबांनी हातोडा स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतला. आणि आईनं तर जे घर नव्हतंच त्याच्या खिडक्यांसाठी पडदे शिवून आणले होते! तू म्हणायचास, “सुट्टी संपली की कारखान्यात जाऊन जरा विश्रांती घेऊ.” आई इतकी हसायची की तिला खाली बसावं लागायचं. तशी हसणारी आई मी नंतर पाहिली नाही.

मग ऊन पडलं आणि सगळ्यांनाच वाया गेलेल्या दिवसांची भरपाई हवीशी झाली. लोविसानं तिची जुनी होडी देऊ केली. कोठाराच्या माळ्यावर कित्येक हिवाळे पडून होती ती, फळ्या इतक्या वाळलेल्या की फटींतून पलीकडचं गवत दिसायचं. म्हातारीनं बाबांना बजावलं, “दगड घालून काठाशी बुडवून ठेव. फळ्या फुगू देत. होडीला आधी काठावरच पोटभर पाणी पिऊ दे रे बाबा, नाहीतर ती तळ्याच्या मध्यावर प्यायला लागेल.” बाबा खेड्यातच वाढलेले, त्यांना यात नवीन काही नव्हतं. त्यांनी दगड घालून ती बुडवली. पण तेवढ्यात युहान्नुस आला. समोरच्या बेटावर सणाची शेकोटी पेटणार होती, तुला आणि ओन्नीला आधी जाऊन लाकडं रचायची होती, आणि होडीशिवाय ती कसली सुट्टी? सकाळी बाबांनी बाह्या सरसावून दगड बाहेर काढले, पाणी उपसलं, फळीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, “भिजली की पुरेशी.” मी धक्क्यावर पाय सोडून बसले होते. तू माझ्या मागेच उभा होतास.

संध्याकाळी परत येऊन तुम्ही दोघं सगळ्यांच्या शेवटी अंघोळ करणार होतात. आईनं तुमच्यासाठी सणाचे पांढरे सदरे शिवले होते आणि बाहेरच्या खोलीत दोन खुंट्यांना अडकवून ठेवले होते. अंगावरचा मळ पार निघाल्याशिवाय सदऱ्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. दाराशी बर्चच्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्या बांधल्या होत्या. तो वास मला आजही बाजारात कुठे आला की मी रस्ता बदलते.

तळ्याच्या मध्यावर काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारणार नाही. काठावरून दिसलं तेवढंच मला माहीत आहे. तू एक वल्हं छातीशी धरून लव्हाळ्यांतून चालत आलास, बुटांतून पाणी ओघळत होतं, आणि तुझ्या मागे कुणी नव्हतं. बाबा कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि तुझ्या खांद्यांना धरून ओरडले, “तू एकटाच कसा आलास?” कालेर्वो, तेव्हा तुझं तोंड उघडलं होतं. मी पाहिलंय. ‘दगड तुम्ही काढलेत’, एवढंच म्हणायचं होतं. तू बाबांकडे बघितलंस आणि तोंड मिटलंस. ते वाक्य तू गिळलंस, आणि त्याच्याबरोबर आम्हा सगळ्यांनाही.

ओन्नीला गावातल्या माणसांनी जाळी टाकून काढलं. आईनं त्याला सौनात आणवलं, सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लावून एकटीनं त्याला न्हाऊ घातलं. ते दार उघडलं तेव्हा तू नव्हतास. लोविसा म्हणाली, पोरगा दुधाच्या गाडीत बसून गेला. अंगावर वाळलेल्या त्याच कपड्यांत, मानेवर तळ्याचा चिखल तसाच.

पुढच्या उन्हाळ्यात मला वाटलं होतं, बाबा जागा विकून टाकतील. आई म्हणाली, चला. आम्ही तिघं गेलो. सगळ्यांची अंघोळ झाल्यावर आईनं तिच्या आईच्या पद्धतीप्रमाणे तापल्या दगडांवर एक पळी पाणी टाकलं, बादलीत थोडं राखलं आणि दार ओढून घेतलं. शेवटची वाफ गेलेल्यांची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यात वावगं काही नव्हतं. पण बाहेर येताना तिनं खुंटीला एक पांढरा सदरा अडकवला. आम्ही बाहेर बाकावर बसून भाजलेलं सॉसेज आणि नवे बटाटे खात होतो. आणि आतून आवाज आला. तापल्या दगडांवर पळीभर पाणी पडलं की येतो ना, तो. बाबांनी ताटली खाली ठेवली आणि ते पाण्याकडे चालत गेले. आई खात राहिली.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला माझा, बंद कोठीतून आवाज आला की उंदीरच असतो हे मला ठाऊक आहे. मी स्वतःला समजावलं, दगड तडकतात, छपरावर साचलेली वाफ ठिबकते. पण दरवर्षी तो आवाज एकदाच यायचा, आणि आम्ही सगळे तो येईपर्यंत श्वास धरून बसायचो. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात आर्वोनं हे पाहिलं. स्क्रू पिळून जे दुरुस्त होतं त्यावरच त्याचा विश्वास. तो म्हणाला, “सासूबाई, तुमच्या पाहुण्याला टॉवेल नेऊन देतो.” हसत आत गेला आणि आला तेव्हा हसत नव्हता. “वरचा बाक पार वाळलाय,” तो मला हळूच म्हणाला, “खालचा ओला आहे. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा.” आर्वोनं ओन्नीला कधी पाहिलेलंही नव्हतं. ओन्नीला धग सोसायची नाही, तो कायम खालच्या बाकावर बसायचा, आणि तू वरून त्याच्या डोक्यावर डहाळ्यांची जुडी हाणत चिडवायचास, “अरे ए कच्च्या बटाट्या, वर ये, शिजशील तरी!” हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता बाबांचं. ती होडी पाण्यानं भरलेली, आपली आपण लव्हाळ्यांत येऊन लागली होती. बाबांनी ती कुणाला दिली नाही, जाळलीही नाही. दर वसंतात बर्फ वितळला की ते ती काठाशी आणायचे आणि दगड घालून बुडवायचे. वल्हवत कुणीच नव्हतं, तरी बुडवायचे. पुढे पुढे साधे दगड पुरेनात म्हणून घराच्या कोपऱ्यांचे ते चार दगड उखडून त्यांनी होडीत घातले. घर त्यामुळे झालंच नाही. तुझं नाव त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही, पण तुझ्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर ते उठून जायचे. शेवटच्या दुखण्यात त्यांनी आर्वोला जवळ बोलावून विचारलं, “दगड आहेत ना आत? अजून भिजू दे.” होडी अजून तिथंच आहे. पाणी स्थिर असलं की धक्क्यावरून दिसते. मी बघत नाही.

आणि तो सदरा. घडी घालताना माझ्या लक्षात आलं की तो दरवेळी तोच नसतो. काही वर्षांनी खांदे रुंद झाले. मग गळा मोठा झाला. मग पोटावर कापड जास्त सोडलेलं दिसायला लागलं. ओन्नी सोळा वर्षांचाच राहिला होता, पण त्याचा सदरा वाढत होता. मला भीती वाटली, खरंच सांगते. वाटलं, आईच्या डोक्यात तो पोर मोठा होतोय, नोकरीला लागलाय, त्याचे केस विरळ झालेत. आपण कुणाला सांगायचं हे?

परवा ती मशीनवर बसली होती. हात इतका थरथरतो की सुईत दोरा मी ओवून देते. ती म्हणाली, “राइली, पन्नाशीला आलेल्या माणसाचं पोट किती सुटतं गं? तुझ्या बाबांचं काही फार नव्हतं.” माझा धीरच सुटला. मी म्हटलं, “आई, ओन्नी पन्नाशीचा नाही झाला. तो पोरगेलाच गेला.” तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, बावळट मुलीकडे बघावं तसं. म्हणाली, “ओन्नीचा सदरा ओन्नीच्या अंगावर आहे. मीच घातला तो. नखं-केस धुऊन, न्हाऊ-माखू घालून पाठवलंय मी त्याला. हा न न्हाता गेला त्याचा आहे.” मी विचारलं, मग ते पाणी कोण टाकतं? “ओन्नीच. तो कुठे जातोय, तो तिथलाच. दगड गार होऊ देत नाही बिचारा. पण भावाशिवाय वर चढत नाही, खालीच बसून राहतो.” हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की मी मान डोलावली आणि दोरा ओवून दिला. इतकी वर्षं मी त्या आवाजाला घाबरत होते, आणि तो आवाज तुझी वाट बघत होता.

तर पत्राचं कारण हे. बाह्या आणि पाठ आईनं बाबांच्या मापावरून अंदाजानं कापली आहे, पण गळा अंदाजानं कापायला ती या वेळी धजत नाही, कारण पुन्हा शिवणं तिच्याच्यानं व्हायचं नाही. तुझ्या गळ्याचं माप तिनं मागवलंय. कळव, म्हणजे मी तिला सांगेन. पण खरं विचारशील तर पत्रानं कळवू नकोस. युहान्नुसला तो गळा घेऊन तूच ये. खुंटी जागेवर आहे, सौना आर्वो तापवेल, शेवटची अंघोळ तुझी. मी धक्क्यावर उभी असेन, आई बाकावर बसलेली असेल. एकटाच आलास तरी ये. या वेळी तुला तसं कुणी विचारणार नाही.

वाट पाहणारी, तुझीच,
राइली