घोडेस्वार शेवटी काय म्हणतो

रवि., १९ जाने. ८६. घाटकोपर
चाळीच्या पूजेला (२६ ता.) यंदा व्हिडिओवर आमचा तो घोडेस्वाराचा जुना इंग्रजी पिक्चर. पोरं नाकं मुरडतात. मिलमध्ये असताना शेजारच्या दत्तारामनं नि मी नऊदा पाहिलेला. इंग्रजीचा दोघांनाही गंध नाही, पण मी कळल्याचा आव आणून त्याला सांगायचो. तरी धुळीतून तो एकटा येताना दिसला की अजून छाती भरते. बोलणं कमी, काम चोख.
दत्तारामला आता दिसत नाही. म्हणाला, "तू बाजूक बसून सांग. नेहमीसारख्या."

मंगळ., २१
सूनबाई मेधा कॉन्व्हेंटची, कॉलेजात असताना तिनंही पाहिलाय. सहज विचारलं, शेवटी जाताना तो त्या बाईला काय म्हणतो गं?
"माझी वाट बघू नका, म्हणतो बाबा."
मी वीस वर्षं सांगतोय, "येईन परत, दार उघडं ठेवा." घोडेस्वाराच्या तोंडाकडे बघून जुळवलेलं सगळं.

बुध., २२
दत्तारामचा प्रकाश भांडून दुबईला गेला, सहा वर्षं झाली. पत्र नाही. दत्ताराम दाराला आतून कडी घालत नाही. विचारलं की हसतो, "तुझो घोडेवालो सांगून गेलोहा ना!" मला आजवर थट्टा वाटायची...

शुक्र., २४
हिला सांगितलं. "वीस वर्षांनी खरं बोलायचं सुचलं होय!" मेधा म्हणते, मी गप्प बसेन. पण इंग्रजी शाळेतलं एखादं कार्टं मधेच बोललं तर? जेवण गेलं नाही.

रवि., २६
पूजा छान. शिरा जरा चिकट. तीनला खिडक्यांना चादरी लावून पिक्चर. नाकं मुरडणारी पोरं जागची हलली नाहीत! शेवट आला. दत्तारामनं गुडघा घट्ट धरला. "बोल."
मेधा खाली बघत होती. घोडा वळेपर्यंत मी थांबलो. मग तेच म्हटलं. येईन परत.
एकाही कार्ट्यानं मला खोडलं नाही. घरी सोडताना दत्ताराम म्हणाला, "हयसर तू कधी थांबत नाय. आज थांबलंस कित्याक?"
म्हटलं, ठसका लागला.

सोम., २७
भाड्याचा व्हिडिओ अजून आमच्याच खोलीत. पाचला न्यायला येतील. चारला दत्ताराम काठी टेकत आला. मला हाक नाही. "मेधा, पोरी, शेवट परत लाव गो. आज तू सांग. तो नको."
मेधानं कॅसेट लावली. माझ्याकडे बघते आहे. मी मान खाली घालून हे लिहितोय. घोड्याच्या टापा सुरू झाल्या...