जिन्याखालच्या काळ्या माशा

प्रिय छकुले,

तुझं पाकीट मिळालं. आईने ते माझ्याआधी फोडलं आणि तुझा फोटो आरशाच्या कडेला खोचला. आता वेणी घालताना मला आधी तुझंच तोंड दिसतं. तिचे गुडघे तसेच आहेत, पण तुझं नाव निघालं की टुणकन उठते. नऊ वर्षं मी ते गुडघे चोळतेय, माझ्या नावाने ती एकदाही उठलेली नाही. हसू नकोस.

तुझ्या माशा मजेत आहेत. 'तुझ्या' म्हणायचं, कारण प्रयोगशाळेत सगळे तसंच म्हणतात. तिथे तू पहिल्यांदा आलीस तेव्हा बाटलीला कापसाचा बोळा कसा लावायचा हेही मीच शिकवलं होतं, आणि तरी तू अर्ध्या माशा खिडकीबाहेर घालवल्या होत्यास. मग उरलेल्या आपण दोन बाटल्यांत वाटल्या. एक बाटली वरच्या उबदार खोलीत, पिकल्या फळांच्या गरावर. दुसरी जिन्याखालच्या गार खोलीत, उकडलेल्या बटाट्यावर. बटाटा माझ्या डोक्यातून निघाला होता. तू वहीत 'आपण ठरवलं' असं लिहिलंस आणि पुढे शिकायला निघून गेलीस.

मी राहिले. बाबा गेल्यावर कुणीतरी राहायलाच हवं होतं. महिन्याला दोन, अशा दोनशेच्या वर पिढ्या माझ्या हाताखालून गेल्या. गारठ्यात जरा काळपट माशा तगायच्या, त्यांना पिल्लं जास्त व्हायची. फिकट मागे पडायच्या. एका पिढीत काही दिसत नव्हतं, आणि रोज बघणाऱ्या मला तर मुळीच नाही. सहाव्या वर्षी सहज दोन्ही बाटल्या शेजारी धरल्या आणि चपापले. एका कुळातल्या वाटेनात. इकडे पिवळ्या, तिकडे काळ्या. मी तुला कळवलं, तू निबंध लिहिलास. शेवटच्या पानावर आभार होते, त्यात पहारेकऱ्यानंतर मी.

खरं सांगू? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पीठ मी दळलं, रेघोट्या तू ओढल्यास. आईला मात्र म्हटलं, छान लिहिलंय हो पोरीने.

दोन महिन्यांपूर्वी तू कळवलंस की परीक्षकांसमोर काळ्या-पिवळ्या एकत्र सोडणार. त्या एकमेकींत जोड्या जमवत नाहीत असं दिसलं, तर नवी जात घडू लागलीय हे सिद्ध होईल आणि तुझी नेमणूक पक्की. त्या सकाळी आई शेजारणीला तिसऱ्यांदा तेच सांगत होती. मी कामावर गेले. पिवळ्यांची पुढची पिढी नुकतीच कोशातून बाहेर येत होती. तशाच ताज्या वीस काळ्या, नर आणि माद्या, मी त्यांच्यात सोडल्या. चुकून नाही. तुझा वंश बाटावा, मधल्याच रंगाची पिल्लं निघावीत आणि तुझी फजिती व्हावी, म्हणून. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी वाटली नव्हती.

मग रोज भिंग घेऊन बसले. काळे नर पिवळ्या माद्यांपाशी जायचे, घुटमळायचे, आणि परतून काळ्यांकडेच वळायचे. पिल्लं निघाली ती निखळ पिवळी, नाहीतर निखळ काळी. मधलं एकही नाही. मी काळ्या एकूण एक वेचून काढल्या. कुणाला कळणार नाही असं काम केलं, तेवढं मला येतं.

पण पाकिटात तू तो कागद पाठवलास. 'या दोन वंशांची नऊ वर्षांत कधीही सरमिसळ झालेली नाही.' खाली माझ्या सहीसाठी जागा, आणि या वेळी माझं नाव तुझ्या नावाशेजारी, प्रयोगकर्ती म्हणून. इतकी वर्षं मी याचीच वाट पाहत होते गं. कागद सही न करताच परत पाठवतेय. सोबत माझी वही आहे, रोजची नोंद, माझ्या पापासकट. परीक्षक काय म्हणतील, तुझी नेमणूक राहील की जाईल, मला माहीत नाही. पण तुझं म्हणणं खरं आहे, आणि हे आज जगात फक्त मला ठाऊक आहे. तुझ्याआधी मला मिळालेली ही एकच गोष्ट. तीही घे.

तुझीच, जळकी,
ताई